पाच दिवसांच्या प्रशिक्षणावर आयुष्यभराचा आजार

महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीत आरोग्याचा विषय निघाला की बोलणे एकाच रुळावरून जाते. उपचारांच्या योजनेचे कार्ड कोणत्या राज्याचे चालणार? ऑपरेशनचा खर्च मुंबई देणार की बेंगळूर? बेळगावातच उपचार घ्यायचे की कोल्हापूर, मिरज गाठायची? व्यासपीठावर, वर्तमानपत्रात, चहाच्या टपरीवर हेच प्रश्न हिरिरीने मांडले जातात. पण या सगळ्या वादात ज्याची बाजू घेतली जाते तो रुग्ण कायम खाटेवर दाखल झालेला असतो. दोन्ही राज्यांच्या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ज्याला दहा वर्षांपूर्वी 'गोळी कायमची' लागली, जो आज शेतात आहे, उद्या बाजाराला जाणार आहे आणि ज्याचे मूत्रपिंड या दहा वर्षांत गाजावाजा न करता निकामी होत चालले आहे, तो या वादात कुठे आहे? डायलिसिसच्या खुर्चीवर बसेपर्यंत तो कोणत्याच कार्डाला दिसत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सीमाभागातील आरोग्यसेवेची आजची सर्वांत मोठी उणीव दवाखान्याच्या इमारतीत नाही आणि कार्डातही नाही. घराच्या उंबऱ्यापर्यंत जाणारी जी माणसे आपल्याकडे आहेत, म्हणजे आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातील आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी, त्यांना जुनाट आजाराच्या माणसाला सांभाळण्याचे कसब आपण शिकवलेलेच नाही. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट्स, पक्षाघातानंतरचे आयुष्य ही सगळी वर्षानुवर्षांची कामे आहेत. त्यांचे प्रशिक्षण वर्षभर चालणारे, रुग्णाच्या घरात होणारे आणि रुग्णाच्या बोलीतले हवे. ही मागणी कार्डाच्या मागणीआधी यायला हवी होती.

आज काय होते ते पाहू. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. पुढे तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करायचे ठरले. आशा घरोघर जाऊन एक फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, घरात कुणाला हा आजार आहे का, असे प्रश्न आणि त्यांचे गुण. चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचे. या कामासाठी आशाला मिळणारे प्रशिक्षण पाच दिवसांचे. पाच दिवसांत मधुमेह, रक्तदाब, तीन प्रकारचे कर्करोग, तंबाखू, आहार, व्यायाम आणि वर फॉर्म कसा भरायचा तेही. मोबदला प्रामुख्याने फॉर्मवर बेतलेला. मग फॉर्म भरले जातात यात नवल काय? माणूस सापडतो, त्याचे नाव लागते, एकदा गोळ्या मिळतात. सहा महिन्यांनी तो गोळी घेतो आहे की नाही हे सांगू शकणारे कुणी नसते.

हा भार किती मोठा आहे? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के आणि उच्च रक्तदाबाचे 35.5 टक्के आढळले. एका आशाकडे साधारण हजार वस्ती असते. त्यात विशीपुढची साडेसहाशे माणसे धरली आणि देशाची सरासरी लावली, तर रक्तदाबाची सुमारे 230 आणि मधुमेहाची 74 माणसे होतात. खेड्यात प्रमाण कमी असते म्हणून आकडा बराच खाली आणला, तरी एका बाईच्या वाट्याला शंभरावर जुनाट रुग्ण येतात. बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग हे सगळे आहेच. यांतला प्रत्येक रुग्ण महिन्याला पाच मिनिटे डॉक्टरसमोर बसला, तर वर्षाचा एक तास होतो. उरलेल्या काळात त्याचा डॉक्टर तो स्वतःच.

प्रशिक्षण म्हटले की सभागृह, पडद्यावरच्या आकृत्या आणि दुपारचे जेवण डोळ्यांपुढे येते. जुनाट आजाराचे कसब तसे येत नाही, कारण ते बारीकसारीक गोष्टींत असते. रक्तदाब मोजण्याचेच घ्या. माणूस उन्हातून चालत आला, बाकावर टेकला, पाय लोंबकळत आहेत, हात हवेत आहे, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि मोजता मोजता त्याला 'आधार कार्ड आणलाय काय?' विचारले. हा आकडा खोटा आहे. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसवायचे. आधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. उघडा दंड छातीच्या पातळीवर टेकलेला हवा. मोजताना दोघांनीही बोलायचे नाही. मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचे. हात लोंबता असणे, बोलणे, पाठीला टेका नसणे यातल्या एकेका चुकीने आकडा दहाच्या आसपास वर जाऊ शकतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आणखी. मग ज्याला गरज नाही त्याची गोळी वाढते, त्याला उठताना चक्कर येते आणि 'बीपीच्या गोळीनं अंगातली ताकद गेली' असे सांगत तो गोळी सोडतो. शेजारचे चार जणही त्याचे ऐकून सोडतात. मूळ चूक पट्टा बांधण्यात होती, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मापन खरोखर होते का, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. रजिस्टर उघडा आणि आकड्यांचा शेवटचा अंक पाहा. इलेक्ट्रॉनिक यंत्र 127, 134, 146 असे सगळ्या प्रकारचे आकडे दाखवते. पानभर 120/80, 130/80, 140/90 अशीच रांग लागली असेल, तर पट्टा बांधलाच गेला नसल्याची दाट शंका घ्यावी. देखरेख करणाऱ्याने एवढे पाहिले तरी निम्मे काम होईल. पण ही खूण ओळखायलाही त्याला शिकवावे लागते.

साखर तपासण्याचेही तसेच. गुऱ्हाळावरून किंवा ऊसतोडीवरून आलेल्या माणसाचे बोट साबणाने धुऊन कोरडे न करता टोचले, तर यंत्र बोटावरची साखर मोजते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले, तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि खानापूरच्या पावसाळ्यात दमट हवा चार महिने असते. इन्सुलिनचा घोळ त्याहून गंभीर. सरकारी पुरवठ्यातली कुपी बहुधा मिलिलिटरला 40 युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. बाहेर 100 युनिटचे इन्सुलिनही मिळते, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. रुग्णाने मिरजेहून 100 युनिटचे इन्सुलिन आणले आणि घरच्या लाल टोपणाच्या सिरिंजने 10च्या खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात 25 युनिट जातात. अडीचपट डोस. दोन दवाखाने, दोन राज्ये आणि दोन पुरवठे यांच्यामध्ये जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही चूक जास्तच संभवते. त्याच्या घरी जाऊन कुपी आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून पाहणारे माणूस कोण? आशा. तिला हे कुणी दाखवले आहे? त्याच जागी रोज सुई टोचल्याने पोटावर गाठ झाली आहे का, तेही तिने बोटाने चाचपून पाहायला हवे, कारण गाठीत टोचलेले इन्सुलिन धड शोषले जात नाही आणि साखर कारणाशिवाय वरखाली होत राहते.

आता आपल्या भागाचे जगणे त्यात मिसळा. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजानचे रोजे, सौंदत्तीची यल्लम्मा यात्रा, आषाढीची पायी वारी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर खाली जाते. हातपाय लटलटतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातली माणसे म्हणतात, 'शुगर वाढली, गोड काही देऊ नका.' नेमक्या उलट्या उपायाने माणूस बेशुद्ध पडतो. तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, साखर 70च्या खालीच असेल तर पुन्हा द्यायची आणि बरे वाटल्यावर जेवू घालायचे. माणूस गिळण्याच्या शुद्धीत नसेल तर तोंडात काही न घालता गाडी बोलवायची. हे उपवास करणाऱ्या प्रत्येक मधुमेह्याच्या घरात आधीच सांगून ठेवले पाहिजे. 'उपास करू नका' असे बजावून काही साधत नाही. माणूस उपास करतोच, फक्त सांगायचे थांबवतो. 'येत्या एकादशीला सकाळच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवूया' असे म्हणणारी आशा त्याचा जीव वाचवते.

आहाराच्या सल्ल्याचे हाल तर पाहवत नाहीत. छापील तक्त्यात ओट्स, सफरचंद आणि ऑलिव्ह तेल. खानापूरच्या भातखाऊ घरात भात किती ताटलीचा आणि त्याबरोबर डाळ-भाजी किती, एवढेच बोलायचे असते. अथणी, गोकाककडच्या घरात ज्वारीची भाकरी असतेच, तिथे बोलायचे ते दिवसाच्या सहा कप गोड चहाबद्दल. मिठाबद्दल 'कमी खा' म्हणणे व्यर्थ आहे. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅम. 'मीठाची किलोची पिशवी तुमच्यात किती दिवस पुरते?' हा एक प्रश्न विचारला की घरातली बाई स्वतःच हिशेब मांडते. लोणचे, पापड, सुकी मासळी त्यातून निराळी. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात बायकांना 'तंबाखू खाता का?' विचारले तर उत्तर नाही असेच येते. मिश्री लावता का, असे विचारावे लागते. मिश्री ही त्यांच्या लेखी तंबाखू नसते, दात घासण्याची पूड असते.

इथे भाषेचा मुद्दा येतो. तो मी जाणूनबुजून आत्तापर्यंत बाजूला ठेवला होता, कारण सीमाभागात तो आधी काढला की पुढचे कुणी ऐकत नाही. कर्नाटकात प्रशासन कन्नडमध्ये चालते, तेव्हा रजिस्टर, फॉर्म आणि प्रशिक्षण कन्नडमध्ये असणार हे ओघानेच आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कन्नडमध्ये गोळीला 'मात्रे' म्हणतात आणि मराठी कानाला 'मात्रा' म्हणजे प्रमाण. 'एरडु मात्रे' याचा अर्थ दोन गोळ्या की दुप्पट डोस, या गोंधळात सत्तर वर्षांच्या बाईने काय करावे? रक्तदाबाला फॉर्मवर 'रक्तदोत्तड' लिहिलेले असते. आशा स्वतः मराठी घरातली असली तरी हे शब्द ती कन्नडमध्ये शिकते आणि दारात उभी राहून मनातल्या मनात भाषांतर करत बोलते. त्या भाषांतरात आकडा टिकतो, समजावणे गळून पडते. पायाच्या बधिरतेचे घ्या. पुस्तकातला शब्द काहीही असो, आपली माणसे म्हणतात, 'चप्पल पायातनं कधी निसटली कळलंच नाही.' हे वाक्य ऐकताच ज्या सेविकेला मधुमेहाने पायाच्या नसा गेल्याची शंका येते, ती पाय वाचवते. चिखलात अनवाणी भात लावणाऱ्या माणसाला काटा रुतल्याचे कळत नाही, जखम सडते तेव्हा वास येतो. बधीर पाय गरम पाण्याने शेकू नका, रोज झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहा किंवा नातवाला पाहायला सांगा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, चप्पल घालण्याआधी झटका, हे सांगायला परकी भाषा कशी पुरेल?

आणि हा न्याय सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड आज्जीला महाराष्ट्राच्या आरोग्य सेविकेने कन्नडमध्येच समजावले पाहिजे. ही मागणी आपण तिकडच्यासाठी करणार नसू, तर इकडच्यासाठी करायचा आपल्याला नैतिक अधिकार उरत नाही. नोंद राज्यभाषेत आणि बोलणे रुग्णभाषेत, एवढे मान्य करायला कुणाची अस्मिता दुखावण्याचे कारण नाही.

आता विरोधी मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा मोठ्या रुग्णालयाचा. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आशाची समजूत कामाची नाही, त्याला हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडणारी कॅथलॅब लागते आणि तीही तास-दोन तासांत. हे शंभर टक्के खरे आहे. पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातली गावे तुटतात तेव्हा रुग्णवाहिका आणि रस्ता यांच्याइतके महत्त्वाचे काही नसते. रुग्णालये हवीतच. पण मूत्रपिंड निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह आणि उच्च रक्तदाब सर्वांत वर आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास डायलिसिसला बसणाऱ्या माणसाला कार्डाने उपचार फुकट दिले, तरी त्याचा रोजगार, सोबत येणाऱ्याचा रोजगार आणि बसभाडे कोण देते? त्याच माणसाचा रक्तदाब दहा वर्षे 140/90च्या खाली राहिला असता तर ती खुर्ची बऱ्याच वर्षांनी लांबली असती, कदाचित लागलीही नसती. मोठ्या रुग्णालयाची मागणी करणाऱ्यांनीच या कामाची मागणी सर्वांत जोराने करायला हवी, नाहीतर कितीही खाटा बांधल्या तरी त्या अपुऱ्याच पडणार.

इतिहास पाहा. क्षयरोगाला एके काळी आरोग्यधाम हाच इलाज मानला जाई. मोकळी हवा, सकस अन्न, महिनोन्‌महिने खाटेवर विश्रांती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव आपल्या भागातल्या जुन्या माणसांना आजही त्यासाठी आठवते. आरोग्यधामात जागा मिळवण्यासाठी लोक वशिले लावत, आणि मागणी एकच होती, अजून खाटा द्या. 1956 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आपली सीमा आखली गेली त्याच वर्षी, मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झाले. तिथे 193 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक आरोग्यधामात, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधे तीच, मुदत एक वर्ष. 1959 मध्ये निष्कर्ष आले. घरच्या गटाचे अन्न निकृष्ट, विश्रांती कमी, तरी गुण जवळजवळ सारखाच आला आणि घरातल्या इतरांना लागण जास्त झाली असेही दिसले नाही. जगभरातली आरोग्यधामे त्यानंतर ओस पडत गेली. या गोष्टीतला एक भाग मात्र सांगायचा राहून जातो. घरच्या गटाकडे आरोग्य कर्मचारी नियमाने जात होते, अचानक जाऊन गोळ्या मोजत होते, औषध पोटात गेले की नाही हे लघवीच्या तपासणीने पाहत होते. खाटेची जागा गोळीने घेतली आणि ती गोळी वर्षभर चालू राहिली ती दारात येणाऱ्या माणसामुळे. आज आपण पुन्हा खाटांसाठी भांडतो आहोत.

दुसरा मुद्दा अर्धवट ज्ञानाचा. दहावी शिकलेली आशा डॉक्टरकी करू लागली तर? गावोगावी बोगस डॉक्टर आधीच आहेत, त्यात भर कशाला? ही भीती रास्त आहे आणि म्हणूनच प्रशिक्षणात काय करायचे याइतकेच काय करायचे नाही हे शिकवायला हवे. गोळीचा डोस बदलायचा नाही. नवी गोळी सुचवायची नाही. वरचा रक्तदाब 180च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणे किंवा तोंड वाकडे होणे, साखर पाजूनही 70च्या वर न येणे, पायाला काळी पडलेली जखम, बसल्याजागी धाप, असे काही दिसले की समजावत बसायचे नाही, पाठवायचे. पण आशाच्या कुवतीबद्दलची शंका नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले तेव्हाही हेच म्हटले गेले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले, त्या 39 गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. त्यांच्या पद्धतीतून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा भाग पुढे देशभरच्या आशांच्या कामात आला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या कामात निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका केले. त्यांचे गमक काय होते? पाच दिवसांत सगळे उरकायचे नाही. बायका आठवड्याला येत, थोडे शिकत, गावात जाऊन करत, अडले ते घेऊन परत येत. अर्धवट ज्ञान धोक्याचे असते ते एकदाच देऊन सोडून दिले की.

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. आशांवर आणखी किती लादणार? जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकातल्या आशा बेंगळूरच्या फ्रीडम पार्कवर थंडीत बसल्या, त्या महिन्याच्या ठरलेल्या मानधनासाठी. त्यांना नवे काम सांगणे हा अन्याय आहे, असे त्यांच्या संघटना म्हणतील तर त्या बरोबरच आहेत. म्हणून प्रशिक्षणाच्या दिवसाचा पूर्ण रोज, प्रवासभत्ता आणि रुग्णाच्या पाठपुराव्याचा ठरलेला मोबदला हे याच मागणीचे भाग आहेत, वेगळे उपकार नव्हेत. एक इशारा मात्र इथेच देतो. 'रक्तदाब आटोक्यात आला तर पैसे' असा नियम कधीही करू नये. दुसऱ्या महिन्यापासून सगळ्यांचे आकडे 138/88 होतील. पैसे भेटीचे द्यावेत आणि आकडा दुसऱ्याने अधूनमधून पडताळावा. शिवाय काम वाढेल हे तितकेसे खरेही नाही. गोळी सोडलेल्या माणसाला चार वेळा हुडकत फिरण्यापेक्षा पहिल्या भेटीत ती का सोडावीशी वाटते हे जाणून घेणे कमी कष्टाचे आहे, पण तेही शिकावे लागते. 'गोळ्या वेळेवर घेता न्हवं?' या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. 'आज्जी, गेल्या आठवड्यात गोळी किती वेळा ऱ्हायली?' असे विचारले की खरी गोष्ट बाहेर येते: मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने पोट बिघडते, सून चिडते, गोळ्या संपल्या होत्या, बरे वाटत होते. आणि समजावून झाल्यावर 'कळलं का?' असे न विचारता 'आता घरी लेकाला कसं सांगशीला ते मला सांगा बघू' म्हणायचे. चुकले तर आपण नीट सांगितले नाही असे समजून पुन्हा सांगायचे. दोन वाक्यांचे हे कसब अंगात मुरायला महिने लागतात.

चौथा मुद्दा: गोळ्याच नसतील तर समजावून काय उपयोग? उपयोग नाही, हे कबूल. पण गोळ्या का नसतात याच्या कारणांत हिशेबाचेही एक कारण आहे. मागणी गेल्या वर्षीच्या खपावर बेतली आणि गेल्या वर्षी साठा संपल्यामुळे खपच कमी झालेला असला, तर या वर्षीची मागणीही कमीच जाते. हे चक्र तोडायला नावानिशी यादी लागते: या उपकेंद्राखाली रक्तदाबाचे इतके रुग्ण, त्यांतले इतके अम्लोडिपिन 5 वर, इतके टेल्मिसार्टन 40 वर. ही यादी अद्ययावत ठेवायला शिकलेली सेविका हाच पुरवठ्याचा पाया आहे. शेजारच्या सिंधुदुर्गाचे उदाहरण समोर आहे. 2017 मध्ये देशातल्या 25 जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून सातारा, भंडारा, वर्ध्याबरोबर सिंधुदुर्ग होता. त्यांनी अचाट काही केले नाही. मोजकी औषधे, ठरलेला क्रम, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि न आलेल्याला फोन. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या उपक्रमाला पुरस्कार दिला. आंबोलीचा घाट उतरले की जे होऊ शकते ते चंदगड ओलांडून इकडे का होऊ नये?

कर्नाटकाने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 2024 मध्ये कोलारमधून सुरू केलेली 'गृह आरोग्य' योजना घरी जाऊन तपासणी करण्याची आणि औषध पोचवण्याची आहे आणि ती राज्यभर नेण्याचे पुढे ठरले. दिशा योग्य आहे. औषध दारात पोचेल, पण ते पोचवणाऱ्याला दारात काय बोलायचे हे येत नसेल, तर त्याचा टपालवाला होईल.

म्हणून मागणी नेमकी करू या. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी तालुक्यांतली काही प्राथमिक आरोग्य केंद्रे निवडा. पाच दिवसांचे एकगठ्ठा प्रशिक्षण मोडून महिन्याला एक दिवस असे बारा दिवस करा. एका महिन्यात एकच कसब: रक्तदाब, मग ग्लुकोमीटर, मग इन्सुलिन, मग पाय, मग इनहेलर, मग उपास आणि प्रवास. इनहेलरच्या महिन्यात 'पंपाची सवय लागते' या समजुतीवर बोलणे, औषध ओढून दहापर्यंत श्वास रोखणे आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरणे, एवढेच. प्रवासाच्या महिन्यात गोव्याला मजुरीला आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या कशा बांधून द्यायच्या ते. दोन दवाखान्यांच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी चालले आहे का हे तपासणे ते इथेच, कारण बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्यातले बांबोळी अशा तिन्ही ठिकाणी फिरलेला रुग्ण आपल्याकडे दुर्मीळ नाही. शिकवायला बेळगावातल्या नर्सिंग महाविद्यालयांतले शिक्षक घ्या, पण त्यांच्या शेजारी पंधरा वर्षे इन्सुलिन घेणारा गावातलाच एखादा रुग्ण बसवा आणि त्यालाही त्या दिवसाचा रोज द्या. सकाळ केंद्रात, दुपार दोन घरांत. पुढच्या महिन्याची सुरुवात मागच्या महिन्याचे हाताने करून दाखवण्याने. परीक्षा लेखी नको. साहित्य मराठी आणि कन्नड दोन्हींत, उर्दू वस्तीसाठी उर्दूत, चित्रे मोठी, वाक्ये लोकांच्या तोंडची.

बारा महिन्यांनी किती आशा प्रशिक्षित झाल्या हा आकडा कुणी मागू नये. यादीतल्या शंभर रुग्णांपैकी गेल्या महिन्यात किती आले आणि त्यांतल्या कितींचा रक्तदाब 140/90च्या खाली आहे, हे मागावे. मग त्या यादीतली दहा घरे न सांगता गाठावीत, गोळ्यांची पिशवी बाहेर काढायला सांगावी आणि विचारावे, 'मावशी, यातली कुठली गोळी कशाची, कधी घेता आणि उपासादिवशी काय करता?'